समुद्रवाल्यानं दाखवलेली जागा

सुंदरराव आप्पांचा टँकरवाला सकाळी येतो म्हणून सांगून गेला होता, आणि ऊन डोक्यावरून कललं तरी तलवाड्याच्या रस्त्यावर धूळसुद्धा उठली नव्हती. सत्यशीला शेततळ्याच्या बांधावर पदर डोळ्यांवर ओढून बसली होती. तळ्यातलं काळं प्लास्टिक उघडं पडलं होतं आणि मधोमध एवढंसं हिरवट पाणी उरलं होतं. पाठीमागं मोसंबीची बाग. आठ वर्षांची झाडं, एकेकाला हातानं आळं करून वाढवलेली. आता त्यांची पानं आतल्या बाजूला वळली होती आणि वाऱ्यानं वाजत होती. तो आवाज तिला ऐकवत नसे.

टँकर आला तो निम्माच. ड्रायव्हरनं खाली न उतरताच सांगितलं, "बाई, आप्पाचा निरोप हाय. डिझेल महागलंय. तिकडं लढाई चालू हाय, तेलाची जहाजं अडकलेत म्हणं. आता आठवड्याला एकच खेप, ती बी अशीच."

"आन् झाडं?"

"झाडाचं मला काय इचारता? आप्पाला इचारा."

कुठल्या समुद्रात कुणाची जहाजं अडकली आणि बाग वाळायला लागली तलवाड्यात! सत्यशीलेला त्या लढाईचं काही कळत नव्हतं. आप्पाचं दार मात्र चांगलं कळत होतं. टँकर हवा असेल तर त्या दाराशी जाऊन उभं राहावं लागायचं. आप्पा जेवत असले तर जेवण होईपर्यंत, झोपले असले तर उठेपर्यंत. त्यांच्या सभेला गोणीभर पिठाच्या भाकऱ्या तिनं थापल्या होत्या. बद्रीनाथनं, तिच्या नवऱ्यानं, त्यांच्या पुतण्याच्या लग्नात खुर्च्या उचलल्या होत्या, आणि वऱ्हाडातल्या एका पोरसवदा पाहुण्यानं त्याला "ए, पाणी आण बे" म्हटलेलं तिनं कानानं ऐकलं होतं. पाण्यासाठी माणूस किती खाली वाकतो, हे तिला त्या उन्हाळ्यात नव्यानं समजलं. पैसे मोजूनही वाकावं लागतं, याची तिला जास्त चीड होती.

त्याच आठवड्यात अजिनाथ सुट्टीवर आला.

अजिनाथ म्हणजे तिचा धाकटा दीर. मुंबईच्या पुढं, भर समुद्रात, तेल काढायच्या लोखंडी फलाटावर कामाला होता. डोक्याला हेल्मेट, अंगात नारिंगी डगला, मागं निळं पाणी, असा त्याचा फोटो सासूनं, केसरबाईनं, देवाच्या शेजारी लावला होता. कुणी पाहुणा आला की ती आधी फोटो दाखवायची, मग चहा टाकायची. "माझं पोरगं समुद्राला भोक पाडतंय," असं तिनं साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

पोरगं समुद्राला भोक पाडत नव्हतं. पोरगं त्या फलाटावरच्या भटारखान्यात कणीक मळत होतं. ठेकेदाराच्या हाताखाली सकाळपासून कांदा चिरायचा, चपात्या लाटायच्या, इंजिनिअर लोकांना वाढायचं. हेल्मेट आणि डगला तिथं सगळ्यांनाच घालावा लागतो. हे घरात फक्त सत्यशीलेला ठाऊक होतं. मागच्या दिवाळीत ती तांदूळ निवडत होती तेव्हा त्यानं तळहातावरचे भाजल्याचे डाग दाखवून सांगितलं होतं, "वैनी, दादाला सांगू नका. त्यानं शाळा सोडून मला शिकिवलं. चपात्या लाटतो म्हणून कोन्या तोंडानं सांगू?" ती लग्न होऊन आली तेव्हा हा शेंबडा, तिच्याच हातानं जेवणारा होता. तिनं सांगितलं नाही.

तो आला त्या संध्याकाळी अंगणात माणसं जमली. सुंदरराव आप्पाही आले, म्हणजे त्यांच्यासाठी बाज टाकावी लागली. डिझेलचा विषय निघालाच होता.

"काय रं अजिनाथ," आप्पा बाजेवर मांडी घालत म्हणाले, "टीव्हीवर सांगूलालेत, आपल्या समुद्रात लई तेल हाय म्हणून. मग अजून धा-ईस भोकं पाडा की. बाहेरच्याच्या दाराशी जायचं कामच न्हाई."

माणसं अजिनाथकडं बघायला लागली. तो एरवी मुखदुर्बळ, पण हा प्रश्न त्यानं जेवणाच्या टेबलांवर रोज ऐकलेला होता. इंजिनिअर लोक चपाती मोडता मोडता यावरच वाद घालायचे आणि तो मागं वाढप्या म्हणून उभा असायचा.

"तसं न्हाई आप्पा," तो म्हणाला. "आपला देश धा भांडी तेल जाळतो म्हणा. त्यातली आठाच्या वर बाहेरून येतेत. समुद्रातलं आन् जमिनीवरलं मिळून आपलं दोन बी भरत न्हाई. आन् समुद्रातल्या इहिरी आता म्हाताऱ्या झाल्यात. पहिल्यावानी उसळी न्हाई. खाली पाणी दाबायचं तवा वर तेल येतंय."

"पाणी वततेत? तेलासाठी?" कुणीतरी विचारलं.

"वततेत. समुद्राचंच. नवी भोकं पाडायलेत, न्हाई असं न्हाई. पर त्यानं काय हुतं, जुन्याचं जेवढं आटतंय तेवढं भरून निघतंय. लई झालं तर एखादं भांडं वाढंल. तेवढंच बाहेरचं कमी. दार काय बंद होत न्हाई."

"मग पाडता कावून?"

"न पाडलं तर हाय ते बी जाईल ना आप्पा. आन् धा ठिकाणी पाडलं तर सात-आठ कोरडीच निघतेत. खाली काय हाय ते वरून कळत न्हाई. यंत्रं लावून बी न्हाई."

त्यानं शब्दन् शब्द खरा सांगितला होता. पण माणसांनी त्यातलं काय ऐकलं? पोरगं केवढं बोलतंय, एवढंच. केसरबाईनं पदरानं डोळे टिपले. बद्रीनाथ भावाच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर महिनोन्महिने न दिसलेलं काहीतरी आलं. तो उठून उभाच राहिला.

"आप्पा," तो म्हणाला, "आता तुमच्या टँकरची गरज न्हाई. मी बोअर घेतो. माझा भाऊ जागा दाखवंल."

आप्पा हसले. "बग बाबा. टँकर मी दुसऱ्याला लावीन मग. वाट बगणारे लई हायत."

"लावा."

अजिनाथनं सत्यशीलेकडं पाहिलं. ती चुलीपाशी उभी होती. त्या नजरेत काय होतं ते तिला पुरतं कळलं, आणि तिनं खाली बघितलं. आप्पाला "लावा" म्हणणारा नवरा तिनं पहिल्यांदा पाहिला होता. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बोअरचा दलाल कासम आला. मांजरसुंब्याच्या चौकात, ढाब्याच्या मागं बोअरच्या गाड्या उभ्या असतात. कुणाला गाडी हवी असेल तर कासमभाईला गाठायचं. पांढरी दाढी, खिशात दोन मोबाईल. बागेतून एक चक्कर मारून तो म्हणाला, "बद्रीभाऊ, धंदा माजा हाय, मी नको कशाला म्हणू? पर शेजारच्या रानात तीन बोअर कोरडे गेलेत, ते मीच पाडलेत. पैसा टँकरला ठेवा. आन् घ्यायचाच आसंल तर रामप्रसादला बोलवा, नारळावर पाणी बघणाऱ्याला. त्याच्या तळहातावर नारळ उभा ऱ्हायला तर मग बघू."

"घरात समुद्रातला माणूस असताना नारळ कशाला?" बद्रीनाथ म्हणाला.

कासमनं अजिनाथकडं आदरानं पाहिलं आणि नारळाचा विषय सोडला. बोअर आणि टँकर, दोन्हीला पुरेल एवढा पैसा घरात नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं.

मग सगळे बागेत गेले. अजिनाथ पुढं, मागं बद्रीनाथ, कासम, केसरबाई, गावातली चार माणसं. अजिनाथ वाकून माती हातात घ्यायचा, चुरायचा, टाकून द्यायचा. कणकेला पाणी किती लागेल ते बघावं तसा चुरायचा, आणि ते फक्त सत्यशीलेला दिसत होतं. शेवटी उंबराच्या खोडापाशी येऊन तो थांबला आणि पायाच्या अंगठ्यानं रेघ मारली. बद्रीनाथनं लगेच तिथं दगड रोवला. केसरबाईनं त्याच्यावर हळद-कुंकू वाहिलं.

सकाळी हंडे वाहताना सत्यशीलेनं त्याला झाडांच्या ओळीत गाठलं.

"सांगून टाक दादाला. अजून गाडी आलेली न्हाई."

"आता कसं सांगू वैनी? साऱ्या गावासमोर दगड रोवलाय." "आन् लागंल बी पाणी. कोन्या भोकाला काय लागंल, कुनाला ठावं? तिकडल्या सायबाला बी ठावं नसतंय."

"मंग मी सांगू का?"

त्यानं हंडा तिच्या हातातून घेतला आणि आळ्यात ओतला. माती फुसफुसली आणि पाणी दिसेनासं झालं.

सांगायला तिला वेळ मिळाला नाही, असं म्हणता येणार नाही. बद्रीनाथ जेवायला बसला तेव्हा सांगता आलं असतं. पण तो भाकरी चुरता चुरता बोलत होता: पाणी लागलं की आळी मोठी करू, आप्पाच्या वाड्यावरून जाताना मान वर करून जाऊ. तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. तिलाही त्या वाड्यावरून मान वर करूनच जायचं होतं. त्या हावेपायी ती गप्प बसली, दिराच्या अब्रूचं कारण नुसतं तोंडदेखलं होतं.

बोअरची गाडी आली तेव्हा अर्धं गाव बागेत होतं. पूजा सवाष्णीच्या हातची, म्हणून सत्यशीलेला पुढं केलं. तिनं गाडीच्या लोखंडी हातोड्याला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. नारळ चांगला निघाला. माणसं म्हणाली, पाणी लागणार. तिनं डोळे मिटून घेतले, आणि बद्रीनाथला वाटलं, आनंदानं.

यंत्र सुरू झालं तसं बोलणंच संपलं. कानात फक्त धडधड आणि जमिनीतून उसळणारी भुकटी. आधी तांबडी, मग करडी, मग पांढरी. तमिळ मुलखातले कामगार तोंडाला फडकी बांधून एकामागून एक रॉड जोडत होते. भुकटी मोसंबीच्या पानांवर बसत होती, माणसांच्या भुवयांवर, केसरबाईच्या डोक्यावर, सगळीकडं. मध्येच एकदा भुकटीचा रंग गडद झाला, ओलसर गोळे बाहेर पडले. केसरबाईनं ओरडून गुलाल उधळला, बद्रीनाथनं तो चिखल हातात घेऊन कपाळाला लावला. दोन रॉड खाली गेले आणि परत कोरडी धूळ यायला लागली.

गाडीच्या माणसांना जेवण घरमालकानं घालायचं, अशी रीत आहे. सत्यशीला गोठ्याशेजारच्या छपरात चूल पेटवून बसली होती. भाकरी त्या लोकांना चालत नव्हती, भात हवा होता, आणि एवढ्या माणसांचा भात-आमटी करायला तिचे दोन हात पुरत नव्हते. तेवढ्यात अजिनाथ आत आला. बाहेर माणसं त्याला दर रॉडला विचारत होती, "इंजिनेरसाहेब, अजून किती?" तो त्याच प्रश्नाला भिऊन आत आला होता.

त्यानं विळी बाजूला सारली, गाडीच्या माणसांकडचा सुरा घेतला आणि कांद्याच्या ढिगासमोर बसला. सुरा चालायला लागला. तो कांद्याकडं बघतही नव्हता; तोंड बाहेर यंत्राच्या दिशेला होतं आणि हात आपले चालले होते. बघता बघता घमेलं भरलं. मग पातेल्यात तेल, फोडणी, तांदूळ हातानंच मोजून, पाणी बोटाच्या पेरानं. ज्या सहजपणानं तो पातेलं उचलत होता, त्या सहजपणानं माणूस फक्त रोजचं काम करतो. सत्यशीला बघत राहिली. आल्यापासून पहिल्यांदा तो तिला घाबरलेला दिसत नव्हता.

दारात बद्रीनाथ उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, फक्त डोळे तेवढे लाल. तो विचारायला आला होता, अजून खाली जायचं का. तो विचारायचा थांबला. त्याची नजर सुऱ्यावर गेली, घमेल्यावर गेली, अजिनाथच्या तळहातावरच्या डागांवर गेली. शेतकरी माणसाला हात वाचता येतात. कुणाचा हात कोणत्या कामानं घडला, ते त्याला सांगावं लागत नाही.

अजिनाथचा हात थांबला.

"तिकडं हेच करतुस?" बद्रीनाथनं विचारलं.

"व्हय दादा."

बद्रीनाथ सत्यशीलेकडं वळला. "तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

तो ओरडला असता, हात उगारला असता, तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं भिंतीला हात टेकला, आणि भिंतीवर पांढरा पंजा उमटला. बाहेरून कासमची हाक आली, "बद्रीभाऊ, काय करायचं? थांबू का जाऊ?"

बाहेर अर्धं गाव होतं. आप्पाही येऊन, नाकाला रुमाल लावून, झाडाला टेकून उभे होते. बद्रीनाथ तिथूनच ओरडला, "जाऊ द्या खाली! भाऊ म्हणतोय, अजून खाली हाय!"

"दादा," अजिनाथ म्हणाला, "थांबवा. मला काय कळत न्हाई त्यातलं."

"गप." त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "भात बघ. करपंल."

यंत्र अंधार पडेपर्यंत चाललं. पैसा संपला तेव्हा थांबलं. शेवटच्या रॉडबरोबरही भुकटीच आली. माणसं अंग झटकत निघून गेली. गाडीवाले जेवायला बसले आणि त्यांच्यातला म्होरक्या भात खाऊन मोडक्या हिंदीत म्हणाला, असं जेवण त्याला घर सोडल्यापासून मिळालं नव्हतं. केसरबाई फोटोसमोर दिवा लावत होती. पोराच्या कामाचं तिला कुणी सांगितलं नाही, आणि ती विचारणारही नव्हती.

गावात बद्रीनाथ एकच सांगत राहिला, "जागा बरोबर व्हती. जमीनच खोटी निगाली." भावाबद्दल वाकडा शब्द त्यानं कुणाला काढू दिला नाही, आणि भावाशीही एक शब्द बोलला नाही. अजिनाथ सुट्टी मोडून गेला. एसटीत बसताना तो वहिनीच्या पाया पडला. दादा बोअरच्या तोंडावर पोतं बांधत होता, तो आला नाही.

मग सत्यशीला आप्पाच्या दाराशी गेली. बद्रीनाथनं सांगितलं म्हणून नाही, त्यानं काही सांगणंच सोडलं होतं. ती उन्हात उभी राहिली. आत जेवणं चालली होती. हात धुऊन आप्पा ओट्यावर आले.

"का गं? समुद्रवाला काय म्हणतोय तुमचा?"

"आप्पा, उधारीवर निम्मी खेप द्या. नुसती झाडं जगण्यापुरती."

"टँकर दिला की दुसऱ्याला. तुज्या नवऱ्यानंच सांगितलं, लावा म्हणून. साऱ्या अंगणात सांगितलं." ते तोंडात सुपारी टाकत हसले. "तुजा दीर खरं बोलला व्हता बग त्या दिशी. भोकं पाडली म्हणून बाहेरचं दार बंद होत न्हाई. तुमी घरचे असून ऐकलं न्हाई, त्याला मी काय करू?"

ती परत आली. रागानं तिचे कान तापले होते, आणि राग आप्पाचा कमी, त्यांचं म्हणणं खरं असल्याचा जास्त होता.

झाडांनी पानं टाकली. बद्रीनाथ रोज बागेत जायचा आणि खोडांना हात लावून यायचा. एके सकाळी त्यानं दारामागची कुऱ्हाड काढली. तिनं अडवलं नाही. अडवायला तोंड कुठं होतं? पहिलं झाड पडलं, दुसरं पडलं. ती तोडलेल्या फांद्या ओढून एका जागी लावायला लागली, आणि फोन वाजला.

अजिनाथ होता. मागं भांड्यांचा आवाज, आणि त्याच्याही मागं पाण्याचा, अखंड.

"वैनी, झाडं कशी हायत?"

ती बुंध्यापाशी उभी होती. कुऱ्हाडीनं उघडं पडलेलं लाकूड तिच्यासमोर होतं. वरून कोळपलेलं झाड आत पांढरं होतं, हिरवट कडेचं. तिनं बोट लावलं. बोट ओलं झालं. झाडात अजून जीव होता. निम्मा टँकर मिळाला असता तर सारी झाडं पावसापर्यंत तगली असती. बद्रीनाथनंही ते पाहिलं होतं. त्यानं तिच्या ओल्या बोटाकडं पाहिलं, आणि पुढच्या झाडाकडं गेला.

"हायत," ती म्हणाली. "झाडं हायत."

"आन् दादा? बोलतो का माझ्याबद्दल?"

"बोलतेत की."

पुढच्या झाडावर कुऱ्हाड पडली. पुन्हा पडली.

"आवाज कसला यायलाय?"

"सरपण फोडतेत तुजे दादा."

तो तिकडं हसला. लई दिवसांनी त्याला हलकं वाटलं असावं. "आमच्याकडं सरपणाची कटकट न्हाई वैनी. सारा गॅस. समुद्रातून येतोय, जास्त झाला की तसाच जळून जातोय, रातंदिस. तुमी आपलं वाळलेलं बगून घ्या. ओलं घेतलं की नुसता धूर हुतो."

"व्हय," ती म्हणाली. "वाळलेलंच हाय."